आई-वडिलांचं ग्रीनकार्ड : जन्मदाखला नाही, नावं तीन कागदांवर तीन. सुरुवात कुठून करावी?

माणदेशी

नमस्कार मंडळी. अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं आहे, आता आई-वडिलांसाठी अर्ज करायचा आहे. वडील ७१, आई ६६, दोघंही सातारा जिल्ह्यात. इथे घरात आम्ही चौघं, मुलं दोन. कागदांची अवस्था अशी आहे:

वडिलांचा जन्म खेड्यातला. ग्रामपंचायतीत नोंद सापडत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर १ जून, तीच तारीख पासपोर्टवर. आईचं माहेरचं नाव इंदू, लग्नात सुनंदा ठेवलं, पासपोर्ट सुनंदा नावाने. माझ्या जन्मदाखल्यावर (१९८३, नगरपालिका) माझं नावच नाही, नुसतं 'पुरुष' लिहिलंय, आणि आईच्या रकान्यात 'इंदूबाई'. त्यांचं लग्न १९७९ चं, नोंदणी केलेली नाही. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त शिक्षक, पेन्शन आहे. दोघांकडे पर्यटक व्हिसा आहे, तो अजून पाच वर्षं चालेल.

यातलं आधी काय दुरुस्त करायचं? आणि ते व्हिसावर इकडे आले की इथूनच अर्ज भरला तर लवकर होतं असं ऐकलं, ते खरं का?

लालफीत

कागद वाईट नाहीत, महाराष्ट्रातल्या त्या पिढीचे असेच असतात. फक्त क्रम नीट ठेवा. या कामाचे दोन टप्पे आहेत आणि दोन्हींत वेगळ्या माणसाचा जन्मदाखला लागतो. बरेच लोक इथेच गोंधळतात आणि वडिलांच्या दाखल्यामागे सहा महिने तालुक्याच्या फेऱ्या मारत अर्ज लांबवतात.

पहिला टप्पा आय-१३०, म्हणजे नात्याचा अर्ज. 'हे माझे आई-वडील' एवढंच त्यात सिद्ध करायचं असतं, म्हणून जन्मदाखला लागतो तुमचा. आईसाठी तुमच्या नागरिकत्वाचा पुरावा आणि आईचं नाव असलेला तुमचा दाखला पुरतो. वडिलांसाठी त्यात लग्नाचा पुरावा वाढतो. अर्ज दोन आणि फी दोन: ऑनलाइन प्रत्येकी ६२५ डॉलर, कागदावर ६७५. एकाच अर्जात दोघं बसत नाहीत, आणि त्यांच्यासोबत तुमचं धाकटं भावंडही येऊ शकत नाही, ते अठराच्या आतलं असलं तरी. या वर्गाला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांच्या अर्जासारखी वर्षानुवर्षांची रांग नसते. वेळ जातो तो छाननीत आणि मुलाखतीची तारीख मिळण्यात.

तुमचा दाखला: नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज देऊन मूळ नोंदीत तुमचं नाव घालून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र लागेल. नवीन प्रत मिळाली तरी जुनी बिननावाची प्रत फेकू नका, दोन्ही जोडा. नोंदणी १९८३ चीच आहे, नाव नंतर घातलंय, हे त्यातून दिसतं. उलट आईचं 'इंदूबाई' खोडून 'सुनंदा' करायच्या भानगडीत पडू नका. ती नोंद त्या वेळी खरीच होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदीत अर्ज भरायच्या आधी महिनाभर केलेली दुरुस्ती बघितली की अधिकाऱ्याची भुवई वर जाते. त्यापेक्षा दोन नावांमध्ये पूल बांधा: आईचा माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, जुनं रेशनकार्ड, आणि 'इंदू व सुनंदा ही एकच व्यक्ती' असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. प्रतिज्ञापत्र एकटं फार वजनाचं नसतं. जुन्या कागदांना जोडणारा दोरा एवढंच त्याचं काम.

लग्न: १९९८ च्या कायद्याखाली जुन्या लग्नाची नोंदणी आजही होते. नमुना 'ड' भरायचा, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका, फोटो. त्यावर नमुना 'ई' मध्ये प्रमाणपत्र मिळतं. फॉर्ममध्ये आईचं लग्नाआधीचं नाव पूर्ण लिहा, म्हणजे नावाचा प्रश्नही त्याच कागदाने निम्मा सुटतो. नोंदणीची तारीख आजची येणार, म्हणून सोबत जुना पुरावा हवाच. तुमच्याकडे एक उत्तम कागद आहे तो विसरू नका: वडिलांचा पेन्शन मंजुरीचा आदेश. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी त्यात पत्नीचं नाव असतं, बरेचदा दोघांचा एकत्र फोटोही असतो. सरकारी, जुना आणि या कामासाठी मुद्दाम तयार न केलेला, म्हणून त्याला किंमत.

दुसरा टप्पा नॅशनल व्हिसा सेंटरचा (मुलाखतीआधी कागद गोळा करून तपासणारं अमेरिकी सरकारचं केंद्र), आय-१३० मंजूर झाल्यावरचा. तिथे त्यांचे जन्मदाखले लागतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९७० मध्ये अमलात आला. त्याआधी जन्मलेल्यांची नोंद नसते हे अमेरिकी अधिकाऱ्यांना माहीत आहे. अशा वेळी द्यायचं ते असं: ग्रामपंचायतीचं 'नोंद आढळून येत नाही' असं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, आणि वयाने मोठ्या, जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं. त्यात जन्मतारीख, गाव, आई-वडिलांची नावं आणि ही माहिती त्यांना कशी आहे, हे आलं पाहिजे. वडिलांपेक्षा मोठं माणूस आज हयात असेल तर प्रतिज्ञापत्र आजच करून ठेवा. हा कागद नंतर मिळेलच असं नाही.

त्याआधी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक (गाव नमुना १४) बघून घ्या. खेड्यातल्या जुन्या जन्मनोंदी तिथे असतात. बहुधा मुलाचं नाव नसतं, 'अमक्याला मुलगा' एवढंच आणि तारीख. पानं मोडीत असली तर वाचणारा शोधावा लागतो. सापडलीच तर तारीख १ जून नसणार हे गृहीत धरा. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावलेल्यांची अख्खी पिढी आहे. पालकांच्या पात्रतेत त्यांचं वय मोजतच नाहीत, त्यामुळे तारखेचा फरक प्रकरण बुडवत नाही. तो लपवला तर मात्र बुडवू शकतो. पासपोर्टची तारीख सगळीकडे सारखी लिहा आणि फरकाचं एक पानी स्पष्टीकरण तयार ठेवा.

एजंट लोक हल्ली 'उशिराची नोंदणी करून नवा दाखला काढून देतो' म्हणतात. नका करू. १९५४ च्या जन्माचा आत्ता निघालेला दाखला दिला तरी जुने पुरावे मागतातच, आणि वर 'हा आत्ताच का काढला?' हा प्रश्न नव्याने पडतो.

जमाखर्च

लालफीत यांनी कागद सांगितले, मी पैशाचं सांगतो. आय-८६४, म्हणजे आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र. हे कायदेशीर करारपत्र आहे, औपचारिकता नाही. आई-वडील नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या (साधारण दहा वर्षं) जमेपर्यंत, किंवा ते कायमचे देश सोडेपर्यंत, किंवा मृत्यूपर्यंत ते चालू राहतं. नोकरी गेली, घटस्फोट झाला, तरी सुटका नाही.

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. तुम्ही चौघं अधिक ते दोघं, घरात माणसं सहा. २०२५ च्या तक्त्यानुसार सहा जणांसाठी ५३,९३७ डॉलर (अलास्का आणि हवाईत जास्त). दोघांचे अर्ज वेगळे आहेत म्हणून काही जण प्रत्येक फॉर्मवर पाचच मोजतात. सहा धरून उत्पन्न बसत असेल तर सहाच धरा, वाद नको. तक्ता दरवर्षी बदलतो, सही करताना चालू असलेला बघा.

आय-८६४ सुद्धा दोघांचे दोन स्वतंत्र. जोडपत्रं: मागच्या वर्षाचा आयआरएसचा (अमेरिकी आयकर खात्याचा) टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, नोकरीचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या पावत्या. विवरणपत्र नवरा-बायकोचं एकत्र असेल आणि एकट्याचं उत्पन्न दाखवायचं असेल तर डब्ल्यू-२ (मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे दाखले) लागतातच, नाहीतर कुणाचे किती ते त्यांना कळत नाही. जोडीदाराचं उत्पन्न धरायचं असेल तर त्याची सही असलेला आय-८६४ए. 'एकूण उत्पन्न' म्हणजे १०४० या विवरणपत्रावरची ९ नंबरची ओळ. खाली वजावटी गेल्यावर जो आकडा उरतो तो लिहिला तर विनाकारण कमी दिसतं.

उत्पन्न कमी पडलं तर मालमत्ता दाखवता येते, पण पालकांच्या बाबतीत तुटीच्या पाचपट. तूट ८,००० असेल तर ४०,००० डॉलर, तेही वर्षभरात रोख करता येण्यासारखे. सातबारा दाखवून हे सहज होत नाही. त्यापेक्षा इथला नातेवाईक किंवा मित्र संयुक्त हमीदार म्हणून शोधा. तो नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावा लागतो.

बाकी फी: नॅशनल व्हिसा सेंटरला माणशी ३२५ डॉलर आणि हमीपत्राच्या छाननीचे १२०. व्हिसा लागल्यावर इमिग्रंट फी माणशी २३५. ती भरली नाही तर कार्ड छापलंच जात नाही. माणूस येऊन बसतो आणि कार्ड का येत नाही म्हणून शोधाशोध होते.

आणि कागद पक्के असले तरी अधिकारी वय, आरोग्य, शिक्षण, पैसा असं सगळं एकत्र बघून 'हे सरकारवर भार होतील का' हे ठरवतो. कायद्यातच तसं लिहिलंय. वयस्कर अर्जदारांच्या बाबतीत म्हणून हमीपत्र काठावर पास होईल असं नको, ऐसपैस हवं. वडिलांची पेन्शन आणि ठेवीही दाखवा.

पैलतीर

दोघांनीही छान लिहिलंय. पण मला मूळ प्रश्नच विचारायचा आहे: आई-बाबांना अमेरिकेत राहायचं आहे का, की येऊन-जाऊन राहायचं आहे? ग्रीनकार्ड म्हणजे दहा वर्षांचा दांडगा व्हिसा असं समजून लोक अर्ज करतात आणि मग दोन्हीकडून अडकतात.

ग्रीनकार्डवाल्याचं घर अमेरिकेत असलं पाहिजे. सलग वर्षाच्या वर बाहेर राहिलं तर कार्डावर परत येता येत नाही. सहा महिन्यांच्या आत परत आलं की झालं, हा गैरसमज आहे. दर पाच-साडेपाच महिन्यांनी येऊन पंधरा दिवस राहणाऱ्याला विमानतळावर 'तुम्ही इथे राहता की तिथे?' असं विचारतातच. साताऱ्यात शेती, घराचं काम, भाचीचं लग्न अशा कारणाने लांब राहायचं असेल तर री-एन्ट्री परमिट घ्यावं लागतं. फॉर्म आय-१३१, मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. तो भरताना माणूस प्रत्यक्ष अमेरिकेत हवा, बोटांचे ठसे इथेच होतात. निघायच्या आदल्या आठवड्यात आठवण झाली तर उपयोग नाही.

विमानतळावर अधिकारी आय-४०७ (ग्रीनकार्ड आपणहून सोडल्याचा फॉर्म) पुढे करून 'सही करा, टुरिस्ट म्हणून आत सोडतो' म्हणाला, तर सही करणं सक्तीचं नाही, हे आई-बाबांना आधी समजावून ठेवा. सही नाकारली तर प्रकरण इमिग्रेशन न्यायाधीशापुढे जातं. थकलेली म्हातारी माणसं मुकाट्याने सही करतात आणि कार्ड तिथेच संपतं.

मग दुखणी. ६५ च्या पुढे मेडिकेअर, म्हणजे वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, लगेच मिळतं असं नाही. पाच वर्षं सलग कायदेशीर वास्तव्य लागतं. नंतरही, ४० तिमाह्या नसल्या तर भाग अ (रुग्णालयाचा) विकत: २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलर होते, भाग ब (डॉक्टरांचा) चे वर १८५. माणशी. तोवर पर्याय म्हणजे मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घ्यायचा खासगी विमा. तो ग्रीनकार्डवाल्याला घेता येतो, पण आल्यापासून ६० दिवसांत. ती खिडकी चुकली की पुढच्या नोंदणी-हंगामापर्यंत थांबा. आणखी एक खाच: तुम्ही करात आई-वडिलांना अवलंबित दाखवलंत तर विम्याच्या सवलतीसाठी तुमच्या घरचं उत्पन्न मोजतात, आणि बहुतेकांची सवलत तिथेच जाते. कराचा फायदा आणि विम्याची सवलत, दोन्ही मांडून बघा. पर्यटकांसाठीच्या विम्यावर भागवू नका. रक्तदाब, मधुमेह यांसारखे जुने आजार त्यात बहुधा वगळलेलेच असतात.

वर्षातून पाच महिने येणं एवढंच हवं असेल तर आहे तो पर्यटक व्हिसा पुरतो. आणि हे लक्षात ठेवा: एकदा आय-१३० भरला की पुढच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जात 'तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज भरला आहे का?' याला 'हो' लिहावंच लागतं, आणि नूतनीकरण अवघड होऊ शकतं.

जमाखर्च

पैलतीर यांना +१. कराचं राहिलं होतं. ग्रीनकार्ड मिळाल्यापासून त्यांचं जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवायचं: पेन्शन, ठेवींवरचं व्याज, घरभाडं. भारतात भरलेला कर १११६ फॉर्म भरून इथल्या करातून वळता करून घेता येतो. 'सरकारी पेन्शन करारामुळे माफ आहे' असं सर्रास सांगितलं जातं. भारत-अमेरिका कर-करारात कलम १९ आहे खरं, पण कलम १ मुळे ग्रीनकार्डवाल्याला अमेरिकेत त्याचा फायदा घेता येत नाही.

सगळ्या भारतीय खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा तपशील, भरायचा. वडिलांच्या ठेवीवर तुमचं नाव संयुक्त असेल तर ती तुमच्याही एफबारमध्ये येते, आणि ती आजही यायला हवी. म्युच्युअल फंड असतील तर ते येण्याआधी जाणकार सनदी लेखापालाला विचारून विकायचे की ठेवायचे ते ठरवा. इथे त्यांना वेगळा आणि त्रासदायक नियम आहे, फंडागणिक ८६२१ फॉर्म.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. ते राहायलाच येणार आहेत, शेती काकांकडे दिली आहे. दोन शंका उरल्या. पर्यटक व्हिसावर आले की इथूनच भरायचं का? आणि वडिलांना तिशीत क्षय झाला होता, पूर्ण बरे झाले. वैद्यकीय तपासणीत ते सांगायचं का?

लालफीत

इथून भरता येतं. कायदेशीर प्रवेश झालेल्या पालकाला आय-१३० आणि आय-४८५ (अमेरिकेत राहूनच करायचा ग्रीनकार्डचा अर्ज) एकत्र भरायची मुभा आहे. पण आय-४८५ ची फी माणशी १,४४० डॉलर, आणि वैद्यकीय फॉर्म आय-६९३ आता अर्जासोबतच द्यावा लागतो. खरी अडचण हेतूची आहे. विमानतळावर 'फिरायला आलो' म्हणायचं आणि आत येऊन कायमच्या वास्तव्याचा अर्ज टाकायचा, हे आधीच ठरलेलं असेल तर ती दिशाभूल ठरू शकते, आणि ती त्यांच्या नावावर चिकटते. तुम्ही तर आधीच ठरवताय. शिवाय अर्ज चालू असताना अॅडव्हान्स परोल (परत यायची आगाऊ परवानगी) न घेता बाहेर गेलं तर अर्ज सोडल्यात जमा. गावाकडे कुणाचं काही झालं तर वडील निघणार नाहीत का? तुमच्या परिस्थितीत मुंबईच्या वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसा घ्यायचा मार्गच सरळ.

क्षयाबद्दल: सांगायचं. न सांगताही छातीच्या एक्स-रेवर जुना डाग बहुधा दिसतोच. तो दिसला की थुंकीचे तीन नमुने वेगवेगळ्या दिवशी सकाळी घेतात, आणि कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. याला नकार समजू नका, पण मुलाखतीच्या आठ दिवस आधी तपासणीला गेलात तर प्रकरण लटकतं. मुलाखतीची तारीख हातात आली की लगेच तपासणी करा, आणि ती फक्त वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच. घरच्या डॉक्टरचा अहवाल चालत नाही. जुन्या उपचाराची कागदपत्रं आणि जुने एक्स-रे असतील तर घेऊन जा. डाग वाढलेला नाही हे दाखवायला जुन्या फिल्मइतकं चांगलं काही नाही. आईनेही लसींची नोंद न्यावी. ६५ च्या पुढे न्यूमोकोकल लस बघतात.

तपासणी साधारण सहा महिने, जुन्या क्षयाची खूण निघाली तर त्याहून कमी, ग्राह्य धरतात आणि व्हिसाची मुदत तिलाच बांधलेली असते. तिकिटं त्या हिशेबाने काढा.

सांगावा

थोडं वर राहिलेलं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, त्याखाली भाषांतरकाराची सही आणि 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण व अचूक आहे' हे विधान. नोटरीची गरज नाही. स्वतः अर्जदाराने करू नये, तिऱ्हाइताकडून घ्या. शिक्के, शेरे, समासातल्या टिपाही उतरवायच्या. शिक्का वाचता येत नसेल तर 'गोल शिक्का, अस्पष्ट' असं लिहायचं. तो गाळला की भाषांतर अपूर्ण धरून कागद परत येतो.

नात्याचे कागद अपुरे वाटले तर ते डीएनए चाचणी सुचवतात. सुचवल्याशिवाय करू नका. ती त्यांनी मान्य केलेल्या प्रयोगशाळेतूनच व्हावी लागते आणि नमुन्याची साखळी त्यांच्या पद्धतीने जपलेली हवी. आधीच बाहेरून करून ठेवलेली चाचणी वाया जाते.

पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा, गावच्या पोलीस ठाण्याचा चालत नाही. वडील किंवा आई पूर्वी आखातात वर्षभर राहिले असतील तर त्या देशाचाही लागेल, आणि तो मिळायला सगळ्यात जास्त वेळ जातो. डीएस-२६० (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज) भरताना 'इतर नावं' या रकान्यात इंदू, इंदूबाई आणि माहेरचं आडनाव तिन्ही लिहा. पोलीस दाखल्याच्या अर्जातही तीच नावं, त्याच स्पेलिंगने. एका ठिकाणी आय आणि दुसरीकडे डबल ई झालं की पुन्हा तेच प्रतिज्ञापत्र करत बसावं लागतं.